मोटर मेली, हे कुणी ठरवलं?

ते पाना-पक्कड खाली ठेव. हात पूस आणि इथे समोर येऊन उभा राहा. बाकीच्यांनी काम थांबवून ऐकलंत तरी चालेल. एखाद्याला चारचौघांत बोलणं मला आवडत नाही, पण हा पराक्रम चारचौघांच्या साक्षीने झालाय. तीन दिवस निम्मा वर्ग याला टॉर्च धरून उभा होता आणि एकाच्याही तोंडून 'अरे, आधी मोजून बघ' एवढे चार शब्द निघाले नाहीत.

काकांची गाडी सोमवारी आली. तक्रार काय होती? 'पॉवर विंडो बंद आहे' असं पुटपुटू नकोस. जॉबकार्ड वाच. मी ते काकांच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं. ड्रायव्हरकडची काच खाली झटकन जाते, वर येताना दमते, दुपारच्या उन्हात अर्ध्यावर थांबते आणि पाचेक मिनिटांनी परत चालते. या एका वाक्यात अर्धं निदान होतं. तू ते वाचलंस का? कार्डावर तुझ्या चहाच्या कपाचा गोल उमटलाय, म्हणजे कप ठेवण्यापुरतं तरी ते तुझ्या हाताखालून गेलेलं आहे.

तू स्विच दाबलास, काच हलली नाही, आणि पलीकडच्या वेल्डिंगवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलंस, 'सर, मोटर गेली.'

कुठे गेली? मेलेला माणूस पाच मिनिटांनी उठून बसतो का? असल्या मोटरीच्या पोटात एक छोटं थर्मल कटआउट असतं. मोटर अडली, तिने जास्त करंट ओढला, तापली, की ते सर्किट तोडतं. निवली की परत जोडतं. पाच मिनिटांनी चालू होणारी मोटर मेलेली नसते, ती स्वतःला वाचवत असते. कशापासून वाचवते, एवढाच प्रश्न तुला विचारायचा होता. तू विचारला नाहीस. तू कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्याला फोन लावलास.

आणि 'खाली झटकन, वर दमते' हे ऐकूनही डोक्यात काही पेटलं नाही? खाली जाताना काचेचं वजन मोटरीच्या बाजूने असतं. करंट कमी लागतो, म्हणून वाटेतल्या खराब जोडांवर व्होल्टेजही कमी सांडतं. वर येताना तेच वजन उरावर. करंट वाढला की गळती वाढते, गळती वाढली की मोटर मंदावते, आणि मंदावलेली मोटर तोच करंट जास्त वेळ ओढत तापते. काकांना यातलं काही माहीत नाही, ते निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांनी फक्त नीट पाहून नीट सांगितलं. तुला त्याचा अर्थ लावायचा होता. या दोन वर्षांत मी तुला दुसरं काय शिकवतोय?

आता गाडीबद्दल. ही 1996 ची ई-220 आहे, डब्ल्यू-124 बनावटीची. भारतात मर्सिडीजच्या कार जोडायला सुरुवात झाली ती 1995 मध्ये, इथे पिंपरीला, टेल्कोच्या आवारात, आणि ती याच बनावटीपासून. म्हणजे ज्या गावात ही गाडी उभी राहिली, त्याच गावात तिची एक काच तुला वर करता आली नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला 50 वर्षं लागतात, त्या हिशेबाने ही अजून लेकुरवाळी आहे. पण ज्या गाडीचा पार्ट हवा तेव्हा हव्या त्या दुकानात मिळत नाही ती गाडी जुनी, अशी माझी साधी व्याख्या आहे. आणि म्हणूनच जुन्या गाडीवर 'बदलून बघू' हा धंदा चालत नाही. जी मोटर तू दोन बोल्ट तोडून उपटून काढलीस, ती जर्मन मोटर होती. तिच्या जागी बसवलीस ती कुठल्या अपघाती गाडीतून निघाली, किती पावसाळे उघड्यावर भिजली, तुला ठाऊक नाही. साडेतीन हजार रुपये मोजलेस. काकांचे.

नवी म्हणजे जुनी मोटर बसवलीस आणि काय झालं? काच तशीच दमली. तेव्हा तरी थांबायचं होतंस. दोन वेगवेगळ्या मोटरी एकच रोग दाखवतात, याचा अर्थ रोग मोटरीत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तू म्हणालास, 'ही पण खराब निघाली सर.' नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरं अंगण आणलं, तेही वाकडं!

तुझी पहिली मोटर कुठे होती माहीत आहे? भंगाराच्या डब्यात. मी ती काल उचलली, बाकावर ठेवली, दोन वायरी थेट बॅटरीला लावल्या. मांजरासारखी घुरघुरत फिरली. वायरी उलट केल्या, उलटी फिरली. बिनलोडची 3 अँपिअरच्या आत. कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक, कम्युटेटर तपकिरी आणि गुळगुळीत. चोर सोडून तू संन्याशाला फाशी दिलीस, वर त्याचं प्रेत भंगारात टाकलंस.

मीटर लावला होता म्हणतोस? हो, लावलेला मी पाहिला. बरं झालं आठवण काढलीस, मला खरा राग त्याचाच आहे. मोटरीचा कनेक्टर काढलास, त्यात मीटरच्या पिना खुपसल्यास, स्विच दाबून धरायला सांगितलंस, 12.4 व्होल्ट दिसले. 'सप्लाय ओके.' अरे, सप्लाय ओके कसा? मीटर स्वतः करंट पीत नाही, कारण त्याच्या आत लाखो ओहम भरलेले असतात. वीस तारांच्या वायरीतल्या एकोणीस तुटल्या आणि एक केसाएवढी उरली, तरी मीटर 12.4 च दाखवणार. नळाला धार आहे की नाही हे बघायला तू बोट ओलं करून बघितलंस. बादली लावून बघायला हवी होती.

बादली म्हणजे लोड. मोटर जोडलेली असताना, काच वर चढत असताना, कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिना घालून व्होल्टेज मोजायचं. ते जमत नसेल तर मोटरीच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब लावायचा. 55 वॅटचा बल्ब चार-साडेचार अँपिअर ओढतो. सप्लाय खरा असेल तर तो डोळे दिपवेल, खोटा असेल तर उदबत्तीसारखा लालसर मिणमिणेल. हा बल्ब फुकट मिळतो. हाय-बीमची तार गेलेला कुठलाही उचल, लो-बीमची तार शाबूत असते. मी तो खिळ्याला टांगून ठेवलाय, दोन वर्षं तुझ्या डोक्यावर लोंबतोय.

आता कालच्या धुराकडे येऊ. लाजायचं ते नंतर लाज, आधी समजून घे, कारण त्या धुराकडे जाणारी प्रत्येक पायरी तू स्वतः रचलीस.

परवा रात्री तू मोबाईलवर एका जुन्या अमेरिकन गाडीचा व्हिडिओ पाहिलास. त्यातल्या मेकॅनिकने मोटरीच्या बॉडीवरून दरवाजाला एक जाड अर्थ वायर मारली आणि काच सुसाट चालू लागली. त्याने केलं ते त्याच्या गाडीला बरोबरच होतं. पन्नास-साठच्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत मोटरीला चुंबक नसतात, दोन फील्ड कॉइल असतात, एक वर जाण्यासाठी, एक खाली येण्यासाठी, आणि परतीचा करंट मोटरीच्या बॉडीतून दरवाजात उतरतो. तिथे मोटर आणि दरवाजा यांच्यामधला अर्थ सैल झाला की हाच उपाय. तिकडे तर त्याही आधी, 1940 मध्ये, पॅकार्डने काचा तेलाच्या दाबावर चालवल्या होत्या. उद्या तो व्हिडिओ बघून तू या दरवाजात ब्रेक ऑईल ओतशील.

या गाडीची मोटर कायम चुंबकाची आहे. वायरी दोन. बॉडीला अर्थ नाही. दिशा बदलते ती ध्रुव उलटे करून. स्विच सोडलेला असताना दोन्ही वायरी स्विचमधूनच अर्थला टेकलेल्या असतात. वर दाबलं की पहिलीला प्लस मिळतो, दुसरी अर्थवरच राहते. खाली दाबलं की उलट. म्हणजे करंट स्विचमधून जातो आणि स्विचमधूनच परत येतो. एका टिचभर स्विचात दोन उंबरे ओलांडावे लागतात.

तू काय केलंस? बॉडीला वायर लावून फरक पडला नाही, म्हणून मोटरीची दुसरी वायर सोलून तीच दरवाजाच्या पत्र्याला आवळलीस. काच वर थोडी जोरात आली, कारण परतीचा घाणेरडा उंबरा तू टाळलास. तू टाळी वाजवलीस. मला टाळी ऐकू आली होती. मग खाली दाबलंस. त्या दाबासरशी दुसऱ्या वायरीला प्लस मिळाला, आणि ती तर तू पत्र्याला बांधून ठेवलेली. सरळ शॉर्ट. फ्यूज उडाला. फ्यूजने गाडी, तुझे हात आणि काकांची सीट वाचवली.

आणि त्या फ्यूजचे उपकार तू कसे फेडलेस? त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळून.

इकडे बघ. हा तो फ्यूज. जुन्या फियाटमध्ये असायचे तसलाच, चिनी मातीच्या दांडीवर धातूची पट्टी, दोन्ही टोकांना टोपी. त्या पट्टीला वितळायचा पगार मिळतो. तू तिच्या जागी न वितळणारा नोकर ठेवलास. मग वितळायचं कुणी? स्विचने. कन्सोलमधून धूर निघाला तेव्हा मी टायरजवळून उठून धावत आलो नसतो आणि बॅटरीचं टर्मिनल उचकटलं नसतं, तर आज आपण काचेबद्दल बोलत नसतो. या वर्कशॉपमध्ये फ्यूजवर तार गुंडाळणारा तू शेवटचा. पुन्हा कुणी दिसला तर त्याला मी कारण विचारणार नाही, फाटकाबाहेर सोडून येईन. हे सगळ्यांना आहे.

खाली मान घालू नकोस. हे आकडे लिहून घे.

काल तू घरी गेल्यावर मी तुझी अर्थ वायर तोडली, नीट फ्यूज घातला, तुझी भंगारातली मोटर परत बसवली आणि काच वर चढवताना मोजत गेलो. क्लॅम्प मीटरवर 9 अँपिअर. बॅटरीवर 12.2 व्होल्ट. मोटरीच्या तोंडाशी 8.1. म्हणजे 4.1 व्होल्ट वाटेत गायब. मग एकेक टप्पा पकडला, मीटरची एक पिन जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, काच चालू ठेवून. फ्यूजच्या टोप्यांवर 0.3, हिरवट गंज होता, क्लिपा घासल्यावर गेला. दरवाजाच्या रबरी नळीतल्या वायरीत 0.7. स्विचमध्ये जाताना 2.2, परत येताना 0.9. बेरीज कर. जुळली? मग सांग, यात मोटरीचा दोष कुठे आहे? बारा व्होल्टचं काम तिच्याकडून आठ व्होल्टांत करून घेत होतास, वर तीच आळशी!

स्विचमधले 2.2 गुणिले 9, किती झाले? जवळजवळ 20 वॅट. इंडिकेटरचा बल्ब 21 वॅटचा असतो. पेटलेला इंडिकेटर बल्ब चिमटीत धरून बघ. तेवढी उष्णता त्या स्विचच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढ्या कॉन्टॅक्टवर, काच वर जाईपर्यंत. काकांनी स्विच 'कोमट लागतो' असंही सांगितलं होतं. तेही कार्डावर आहे, तुझ्या चहाच्या गोलाखाली.

मी स्विच उघडला. तो बघ, त्या वाटीत ठेवलाय, हात न लावता बघ. या गाडीत काचांचे स्विच दरवाजावर नसतात, गिअरच्या दांड्याशेजारी कन्सोलवर असतात, आकाशाकडे तोंड करून. तीस वर्षांत कुणीतरी कटिंग प्यायलं, गाडी खड्ड्यात आपटली, दोन थेंब आत गेले. साखर चिकटली, साखरेवर धूळ बसली. वर जाण्याचा कॉन्टॅक्ट काळा आणि खड्डे पडलेला, तो वयाने आणि चहाने झाला. त्याच्या शेजारचं वितळलेलं प्लॅस्टिक मात्र कालचं, तुझ्या सहीचं. दोन्ही वेगळे ओळखता यायला हवेत. मी बारीक पॉलिश पेपरची पट्टी कॉन्टॅक्टच्या मधून दोनदा ओढली, क्लीनर मारला. तात्पुरता चालतोय. नवा मागवलाय, त्याचे पैसे कुणी द्यायचे ते आपण वेगळं बोलू.

आणि ही रबरी नळीतली वायर. मी ती मुद्दाम फेकली नाही. हातात घे, वाकव. बाहेरून काही दिसतं? रंग शाबूत, प्लॅस्टिक शाबूत. आता इथे दाब, या दोन इंचांत. मऊ लागतं ना? दोरीसारखं? आत तार नाहीच, भुगा आहे. मी सोलली तेव्हा हिरवी पूड नखावर आली. तीस वर्षं दरवाजा उघडला, मिटला, उघडला, मिटला, वायर दर वेळी त्याच जागी वाकली. उरल्या होत्या चार तारा. त्या चार तारांतून तुझे 12.4 व्होल्ट दिमाखात येत होते.

मी तिथे नवी दीड स्क्वेअरची, बारीक तारांची वायर ओढली, जोड नळीच्या बाहेर, दोन्ही टोकांना. नळीच्या आत डाग मारायचा नाही. कथिल वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे कडक संपतं तिथेच वायर पुढच्या पावसाळ्यात तुटते. हे मी शिकवलेलं आहे. वहीत असेल, वही असेल तर.

विजेचं झालं. आता पत्र्याचं आणि रबराचं, कारण निम्मे रोग तिथेच असतात आणि इलेक्ट्रिकचा म्हणवणारा मुलगा तिकडे ढुंकून बघत नाही. मोटर काच उचलणाऱ्या मशीनपासून सुटलेली असताना काच हाताने वर-खाली करून बघितलीस? नाही. बघितली असतीस तर कळलं असतं की मागच्या चॅनलमधलं रबर वाळून लाकूड झालंय. तू त्यात काय घातलंस? इंजिन ऑईल! रबराला पेट्रोलियम तेल म्हणजे विष, ते फुगतं, मग मऊ पडतं, आणि त्यावर पुण्याची सगळी धूळ येऊन बसते. मी साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं, वाळवलं, सिलिकॉनचा फवारा मारला. मशीनच्या दात्यांवरचं जुनं ग्रीस मेणबत्तीसारखं झालेलं, ते खरवडून नवं लावलं. अर्धा तास लागला. तुझ्या तीन दिवसांतला अर्धा तास.

आणि एक गोष्ट अशी की जी मी रागाने सांगत नाहीये, घाबरून सांगतोय. मोटर काढताना तू काच कशाने धरली होतीस? चिकटपट्टीने. मोटरीचा वर्म गिअर हाच काचेचा ब्रेक असतो. मोटर सुटली की काच मोकळी. ज्या मशीनला वजन तोलायला घड्याळासारखी स्प्रिंग असते, तिथे तर मोटर काढल्याबरोबर दात्यांचा पंखा फटकन फिरतो, आणि तुझी बोटं नेमकी त्याच भोकात असतात. आधी काच वर नेऊन लाकडी पाचर मारायची, पंख्यातून आणि पत्र्यातून एक बोल्ट आरपार घालून तो जखडायचा, बॅटरी सोडायची, मग पाना लावायचा. या वयाच्या गाडीला अडथळा जाणवून काच मागे घेण्याची अक्कल नसते. ती बोट आणि रबर सारखंच दाबते. आणि तुझा हात आत असताना स्विचवर कोण बसलं होतं? हा? उद्यापासून दरवाजात हात घालणाऱ्याच्या खिशात किल्ली. दुसऱ्या कुणाच्याही खिशात नाही.

'रोग रेड्याला, औषध पखालीला' ही म्हण आमच्या मास्तरांनी मला ऐकवली होती, एका डायनामोवरून. तेव्हा मी तुझ्याएवढा होतो आणि तुझ्यासारखाच चेहरा करून उभा होतो. त्यांनी मला डायनामो सहा वेळा उघडायला आणि सहा वेळा जोडायला लावला. मी तुला एवढा वेळ देऊ शकत नाही, काका पाच वाजता गाडी न्यायला येणार आहेत.

तर आता ऐक. कुर्ल्याची मोटर काढून ठेवलीय, तीच आज पार्सल करून परत पाठव. घेत नसेल तर साडेतीन हजार तुझ्या स्टायपेंडमधून, तीन हप्त्यांत. काकांना फोन तू करायचास, मी नाही. सांग की मोटर तुमची मूळचीच आहे, मला तपासता आलं नाही म्हणून तीन दिवस गेले. 'सरांनी सांगितलं' असं मध्ये घालू नकोस. फ्यूजवरच्या तारेचंही सांग. ओरडले तर ऐकून घे.

मग जॉबकार्ड नव्याने लिही. स्वच्छ अक्षरात. लोडवर मोजलेलं व्होल्टेज, आधीचं आणि नंतरचं. नंतरचं किती, हे मला विचारू नकोस, मीटर तुझ्या हातात आहे. इंजिन बंद, किल्ली लाव, पिना मागच्या बाजूने घाल. पुढे नाही, मागच्या बाजूने. हां. आता दाब.

किती? 11.5. आणि वेळ? चार सेकंद. वर जाऊन टेकल्याचा आवाज ऐकलास? 'टप्'. कालपर्यंत तो आवाज या गाडीत नव्हता.

हसतोस कशाला? आतला पॉलिथीनचा कागद अजून बाहेरच लोंबतोय, तो नीट चिकटवला नाहीस तर पहिल्या पावसात पाणी दरवाजाच्या आतल्या पॅडवर येईल. दरवाजाच्या तळाची तीन भोकं पानांनी तुंबली होती, ती मी काढली, तू बघून घे. आणि पॅडच्या अकरा क्लिपा होत्या. इथे आठच दिसतायत. उरलेल्या तीन कुठे आहेत?